टाके काढायचे बाराव्या दिवशी, निघाले सोळाव्या दिवशी

आप्पांच्या मेंदूत डीबीएस, म्हणजे वायरीतून मेंदूला हलका करंट देऊन हाताचा कंप कमी करणारं यंत्र, बसवून सहा महिने झाले. हात आता चहा सांडत नाही. तपासण्या, पैशांची जुळवाजुळव, मुंबईतलं ऑपरेशन, सगळं निभावलं. अडकलो ते टाक्यांपाशी, तेही पारोळ्यात घरी आल्यावर.

सर्जननी आधीच कागदावर चीर काढून दाखवली होती. कवटीला साधारण 14 मिलिमीटरचं भोक, त्यावर झाकण. चीर झाकणाच्या बरोबर वरून गेली तर टाके त्या कडक वस्तूवर ताणले जातात, कातडी झिजते, आतलं सामान उघडं पडू शकतं. म्हणून अर्धगोल चीर, टाके झाकणाच्या बाजूला. डोक्याच्या कातडीला रक्त कान-मानेकडून वर चढतं, त्यामुळे अर्धगोलाची न कापलेली बाजू रक्त येतं तिकडे. वायरवर एकदा जंतू बसले की औषधं पुरेशी पडत नाहीत, कधी अख्खं यंत्र काढावं लागतं.

एवढी काळजी घेतलेल्या जखमेबद्दल डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ: टाके बाराव्या दिवशी स्थानिक डॉक्टरांकडे काढावेत. पहिल्या डॉक्टरांनी डोकं पाहून खुर्चीच मागे सरकवली. "आत करंट आहे ना?" दुसऱ्यांनी मुंबईचं पत्र मागितलं. फाईल पुढे केली, तर म्हणे पत्र वेगळं. जळगावला केसपेपर काढून दोन तास बसलो, ड्रेसिंगवाला म्हणाला, "ज्यांनी शिवलं त्यांनाच उसवू द्या." मुंबईला फोन लावला की वॉर्ड म्हणे ओपीडीत विचारा, ओपीडी म्हणे वॉर्डात. चार दिवस! सोळाव्या दिवशी एका निवासी डॉक्टरने व्हॉट्सअॅपवर तीन ओळी पाठवल्या: यंत्राला काही होत नाही, निर्जंतुक हातमोजे घाला, पाणी किंवा पू दिसला तर लगेच कळवा. त्यावर पत्र मागणाऱ्या त्याच डॉक्टरांनी दहा मिनिटांत टाके काढले.

त्या तीन ओळी निघतानाच सही-शिक्क्यासह मागून घ्या. लाजू नका, मी लाजलो.

हो, साखर! आप्पांना मधुमेह आहे. ती आटोक्यात येईपर्यंत ऑपरेशनची तारीखच मिळाली नव्हती. आणि फिजिओथेरपीवाल्याला पहिल्याच दिवशी यंत्राचं कार्ड दाखवा, डायथर्मीचा (विजेच्या यंत्राने खोलवर देतात तो) शेक आता कधीच चालणार नाही.

टोपीवरून मात्र घरात रोज भांडण. घट्ट टोपी जखमेवर घासते, म्हणून मी ती लपवली होती. "टोपी बिगर माले उघडंबोडकं वाटस," म्हणत आप्पा महिनाभर ओट्यावर आलेच नाहीत.