आठवडा सहावा: देवगिरीच्या पायऱ्यांनी मांड्या भरल्या

छत्रपती संभाजीनगरहून खुलताबाद आणि तिथून घाट चढून म्हैसमाळ, असं आम्ही नऊ जण पायी जाणार आहोत. या चालण्यातून जमलेल्या पैशांतून गावाकडच्या मुलींना सायकली घ्यायच्या आहेत. माझी पुतणी रोज चार किलोमीटर चालत शाळेत जाते. तिच्यासारख्या आणखी अकरा जणी आहेत.

सरावाचे पहिले पाच आठवडे सपाटीवर आणि गोगाबाबा टेकडीवर गेले. दम वाढला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. या रविवारी मात्र देवगिरी. किल्ला उघडताच आत शिरलो. खंदकावरचा पूल, मग अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग. आत वटवाघळांचा उग्र वास आणि पायाखाली झिजून गुळगुळीत झालेला दगड. वहिनीनं माझा दंड घट्ट धरला होता. वरची बारादरी गाठली तेव्हा घामानं अंग भिजलं होतं, पण पाय ठणठणीत. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, एवढ्या जमल्या म्हणून सगळे खूश.

त्रास उतरताना झाला. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, म्हणून तो जास्त दुखावतो आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. सोमवारी ठीक होतो. मंगळवारी खाटेवरून उठताना हात टेकवावा लागला. मित्राच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. त्याच्या बुटाची नाडी घोट्यापाशी सैल होती, त्यामुळे उतारावर पाय पुढं सरकून बोटं आदळत होती. आता उतार लागण्याआधी थांबून सगळ्यांनी नाड्या आवळायच्या, असं ठरवलंय.

बाबा तरुणपणी हनुमान जयंतीला रात्रभर चालत खुलताबादच्या भद्रा मारुतीला जायचे. ते म्हणाले, "उताराला लांब टांगा टाकू नको रे. पाऊल बारीक टाक, गुडघा जरा वाकलेला ठेव." पुतणी तशीच उतरते, कुणी न शिकवता. ती एकदाही थांबली नाही. तिच्यामागून उतरताना मला फार भरून आलं.

शिदोरीला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. उन्हात नुसतं पाणी पिऊन डोकं जड होतं, म्हणून एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून नेलं. चमचा चहाचाच घ्या.

हा आठवडा हलकं चालणं. पुढच्या रविवारी गोगाबाबा टेकडी तीनदा, आणि या वेळी घड्याळ फक्त उतरताना लावणार.