खुर्दा

नववीत असताना आपल्या शाळेच्या हस्तलिखितासाठी मी पानिपतावर कथा लिहिली होती. हत्ती, अंबारी, भाऊसाहेबांची लांबलचक स्वगतं, सगळं होतं. शेवटी एक वाक्य झोकात टाकलं होतं, 'बाजारबुणग्यांच्या ओझ्यानेच मराठे हरले!'

मराठीच्या सरांनी 'बाजारबुणग्यां'खाली लाल रेघ मारली. "वडील काय करतात रे तुझे?"

"मार्केट यार्डात हमाली. गुळाचे रवे उचलतात."

"मग १७६१ साली ते कुठं असते? अंबारीत?"

वर्ग खो खो हसला. त्या दिवशी सरांचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं आणि पराभवाची बातमी देणाऱ्या त्या प्रसिद्ध पत्राबद्दल सांगितलं. दोन मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. "मोत्यांवर सगळेच लिहितात. तू खुर्द्यावर लिही." मग घसियारे, पखालवाले, बैलांवर धान्य लादून आणणारे वंजारी, तीर्थयात्रेच्या आशेनं फौजेबरोबर निघालेली कुटुंबं, असं एकेक सांगत गेले. रसद तुटल्यावर आधी उपाशी कोण राहिलं असेल? १४ जानेवारीनंतर कुणाची बायकापोरं गुलाम म्हणून अबदालीच्या माणसांनी हाकत नेली?

आणि मधेच म्हणाले, "छावणीत दळणाला कुणबीणही असणार. ती तर आपल्याच लोकांनी विकत घेतलेली. पेशवे दफ्तरात अशा खरेदीच्या नोंदी आहेत. तिला उद्या कुणी सोडवलं, तर ती परत कुणाच्या घरी जाणार?"

मी कथा नव्यानं लिहिली, एका वंजाऱ्याच्या तोंडून. कुणबिणीला मात्र गाळलं. आपली माणसं माणसं विकत घेत होती, हे लिहायला पेन रेटेना. सरांच्या ते लक्षात आलं असणार, पण बोलले नाहीत. (पुढं चाळिशीत तिच्यावर लिहायला बसलो, तेव्हाही चार पानं फाडली.)

हस्तलिखित एका रात्रीपुरतं घरी न्यायला मिळालं. आबांना वाचता यायचं नाही. आईनं चुलीपुढं बसून अडखळत वाचून दाखवलं. आबा खांद्याला तेल चोळत ऐकत होते. वाचून झालं तरी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि त्याच्या बैलांचं काय झालं रं?"

ते मी लिहिलंच नव्हतं.