मोठ्या बोअरची बोल्ट रायफल: आधी काडतूस, मग बोल्ट, बोअर शेवटी

बोल्ट ॲक्शन रायफल, म्हणजे हाताने दांडा (बोल्ट) मागे-पुढे ओढून काडतूस भरायची-काढायची रायफल, घ्यायचा विषय निघाला की कोकणात पहिला प्रश्न येतो, "किती बोअरची घेऊ?" बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. परवान्यावर काय चढेल, त्याचं काडतूस वेळेवर हातात पडेल का, बोल्ट ते काडतूस न अडकता भरतो आणि काढतो का, दस्ता आपल्या खांद्याला बसतो का, हे आधी बघायचं. एवढं बघून झालं की निवडायला दोन-तीनच बोअर उरतात आणि त्यातलं एक ठरवणं सोपं जातं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण पैसे भरल्यावर इथेच अडकायला होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार आपल्याकडे संपली. रानडुकरं भात, नाचणी, कंदमुळं उकरतात म्हणून वनखात्याची लेखी परवानगी काढून ती मारता येतात, पण परवानगी आधी आणि बार नंतर. मेलेल्या जनावराचा पंचनामा आणि विल्हेवाट वनखात्यासमोर व्हावी लागते. गवा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तो बागेत कितीही नासधूस करो, त्याच्यावर गोळी झाडणं हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे "गव्यासाठी मोठी रायफल" हा विचार डोक्यातून काढूनच टाका. राहता राहिले तीन प्रकारचे लोक: शेती संरक्षणासाठी रायफल हवी असलेले, घरातली जुनी रायफल वारसाने नावावर करून घेणारे, आणि आफ्रिकेत रीतसर शिकारीला जाणारे. तिघांची निवड वेगवेगळी होते.

शस्त्र कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. तुमच्या नावावर बारा बोअरची दुनळी आणि आजोबांची ठासणीची बंदूक असेल तर तुमचा कोटा भरला. रायफल हवी तर त्यातलं एक सोडावं लागेल. हे अर्ज करण्यापूर्वीच घरात बसून ठरवा.

आता काडतूस. .३०३ (इंचात) आणि ७.६२ (मिलिमीटरमध्ये) ही सैन्याची बोअर सामान्य माणसाला बंद आहेत, आणि ज्या रायफलीत सैन्याचं काडतूस बसतं तीही बंद. त्यामुळे .३०८ चालत नाही, कारण ती आणि ७.६२ गुणिले ५१ एकमेकांच्या काडतुसावर चालतात. .३०-०६ ची गोळी तेवढ्याच जाडीची, पण काडतूस लांब आणि वेगळं, म्हणून ती परवान्यावर मिळते. नावातल्या या गोंधळामुळे परवान्यावर चुकीचं बोअर चढतं, मग दुरुस्तीसाठी खेपा. अर्जात बोअर लिहिताना काडतुसाचं पूर्ण नाव लिहा.

सरकारी कारखान्याची .३१५ आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते. मुळात हे ऑस्ट्रियाचं ८ गुणिले ५० मॅनलिकर काडतूस. इंग्रजांनी सैन्याची बोअर हिंदुस्थानात बंद केल्यावर शिकारी रायफलींसाठी ते इथे रुजलं. गोळी २४४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), मऊ नाकाची, वेग सेकंदाला २००० फुटांच्या आसपास, ताकद साधारण २,२०० फूट-पौंड (हे ताकदीचं माप). .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला २७०० फुटांनी जाते आणि २,९०० फूट-पौंड देते. साठ-सत्तर किलोच्या डुकराला चाळीस मीटरवर दोन्हीही पुरेशा आहेत. त्याच्या वर जायची गरज कोकणातल्या शेतात कुणालाच नाही, हे माझं ठाम मत आहे. .३१५ चं काडतूस खडकीच्या कारखान्यात बनतं, म्हणून ते मिळत राहतं. परदेशी मॅग्नमची काडतुसं मात्र डीलरकडे आली तर आली, आणि दर ऐकून सराव करायची इच्छाच जाते. सराव नसलेल्या मोठ्या रायफलीपेक्षा सराव असलेली .३१५ शंभर पटीने बरी.

.३१५ वापरणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. या काडतुसाच्या बुडाला कडा आहे. मॅगझीन, म्हणजे बोल्टखालची काडतुसांची पेटी, भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे यायला हवी. ती मागे राहिली तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि रायफल मधेच बंद पडते. प्रत्येक काडतूस आत दाबताना थोडं मागून सरकवत पुढे घ्या आणि कडा डोळ्यांनी बघा. घाईत भरलेल्या मॅगझीनमध्ये ही चूक हमखास होते, आणि लोक दोष बोल्टला देतात.

खरी मोठी बोअर म्हणजे .३७५ पासून वर. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ ची. ३०० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सुमारे २५०० फूट, ताकद ४,२०० फूट-पौंडांच्या वर. .४१६ रिग्बी १९११ ची, ४०० ग्रेन, ५,००० फूट-पौंडांच्या घरात. .४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ ला आली, ५०० ग्रेनची गोळी घेऊन. आफ्रिकेत रेड्यासारख्या जनावरासाठी बऱ्याच ठिकाणी .३७५ ही कमीत कमी मर्यादा धरतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथेच थांबावं. धक्क्याचा हिशोब बघा: चार किलोच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का २० फूट-पौंडांच्या आसपास, .३७५ चा ४० च्या आसपास, .४१६ आणि .४५८ चा ६० च्या जवळपास. .३७५ पेलायला बहुतेकांना जमतं. त्याच्या वर गेलं की चाप ओढताना डोळे मिटायला लागतात, आणि डोळे मिटून मारलेली ५०० ग्रेनची गोळीही जनावराला नुसती जखमी करते. रायफल इथून नेण्याच्या कागदपत्रांपेक्षा तिथे भाड्याने घेणं कितीतरी सोपं पडतं. पण भाड्याचीही हातात घेऊन तपासा, कारण पुढचं सगळं तिलाही लागू आहे.

बोल्टबद्दल मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. मोठ्या बोअरला माउझर ९८ पद्धतीचा बोल्ट हवा, ज्याच्या बाजूला काडतूस धरून बाहेर ओढणारा लांब, रुंद पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर असतो. काडतूस मॅगझीनमधून वर येताक्षणी त्याचं बूड या पंजाखाली सरकतं आणि बोल्ट बंद होईपर्यंत पकडीत राहतं. दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतुसाला नुसतं पुढे ढकलतो आणि अगदी शेवटी पकडतो. मग घाबरून अर्धा बोल्ट मागे ओढला की पहिलं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) सैल पडून राहतं, दुसरं त्याच्या बुडावर येऊन बसतं, आणि समोर जखमी जनावर असतं. पंजा असेल तर अर्धवट ओढलं तरी पहिलं काडतूस बोल्टबरोबर बाहेर येतं.

हे दुकानात डमी काडतुसांवर तपासा. चार डमी घ्या, बिनदारूच्या आणि बिनटोपीच्या (टोपी म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी वाटी), पण खऱ्या लांबीच्या. आधी बोल्ट उघडून चेंबर आणि मॅगझीन दोन्ही बोटाने चाचपून रिकामं असल्याची खात्री करा. डमी भरा आणि बोल्ट अगदी हळू चालवा, दोन बोटांनी. मग जोरात. मग रायफल आडवी धरून, आणि मग नळी वर करून. काडतुसाचं नाक चेंबरच्या तोंडाला कुठे घासतं ते बघा. गोलाकार नाकाच्या जड गोळ्या टोकदारांपेक्षा जास्त अडतात, त्यामुळे ज्या गोळीवर रायफल वापरायची तिच्याच आकाराचा डमी हवा. शेवटचा डमी सगळ्यात महत्त्वाचा, कारण खालची स्प्रिंग थकली की शेवटचं काडतूस वर यायला कुरकुरतं. बाहेर पडणारे डमी एकाच बाजूला, सारख्याच अंतरावर पडायला हवेत. एखादा पायाशी पडला तर इजेक्टर (काडतूस बाहेर फेकणारा भाग) किंवा त्याची स्प्रिंग झिजली आहे.

वारसाने आलेल्या किंवा जुन्या रायफलीची तपासणी आणखी बारकाईने करावी लागते. बोल्ट काढा, चेंबरच्या बाजूने नळीत उजेड बघा. नळीतल्या पिळदार खोबणी धारदार दिसायला हव्यात. काळे ठिपके आणि खड्डे असतील तर ते बहुतेक चेंबरच्या पुढे पहिल्या काही इंचात जास्त असतात. मग नळीचं तोंड बघा. त्यावर आघात होऊन कडा दबलेली असेल तर बाकी नळी चांगली असूनही गोळी भरकटते. बोल्ट बंद झाल्यावर त्याला अडकवून धरणाऱ्या दोन्ही खुंट्यांच्या मागच्या बाजूला घासल्याची खूण सारखी हवी. एकाच खुंटीवर चकाकी असेल तर सगळा भार तिच्यावर पडतो आहे. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर, गेज लावूनच तपासायचा, तेही जाणकार बंदूक कारागिराकडून. .३७५ आणि .४५८ या पट्टेवाल्या काडतुसांत हेडस्पेस बुडाजवळच्या पट्ट्यावर ठरतो, खांद्यावर नाही. कारागिराला हे माहीत आहे का, ते विचारून घ्या.

लाकूड लोखंडापेक्षा आधी हार मानतं. मोठ्या बोअरचा सगळा धक्का ॲक्शनखालच्या एका लोखंडी ठोकळ्यावरून दस्त्यात उतरतो. त्या खाचेच्या मागे, आणि ॲक्शनच्या शेपटीमागे मनगटाजवळ, केसासारखी चीर असते का ते उजेडात तिरकं धरून बघा. दस्त्याच्या लाकडातून आडवे घातलेले पोलादी खिळ्यासारखे बोल्ट (काडतूस भरायचा बोल्ट नव्हे) दोन असलेले बरे, आणि नळीखाली दुसरा ठोकळा असेल तर उत्तम. चीर दिसली तर घासाघीस करू नका, रायफल परत द्या.

दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून मागच्या टोकापर्यंत, साडेतेरा ते चौदा इंच बहुतेकांना चालते. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला तेरा इंच बरी पडते. लांब दस्ता काखेत अडकतो, आखूड असला तर अंगठा नाकावर येतो. दुर्बीण लावणार असाल तर एक ते चार पटीची लावा, आणि डोळा तिच्यापासून किमान साडेतीन इंच लांब राहील अशी बसवा. मोठ्या बोअरमध्ये भुवई फुटण्याचं कारण जवळपास नेहमी हेच अंतर असतं. सराव उभ्याने किंवा काठीच्या आधाराने करा. पालथं झोपून .३७५ कधीच मारू नका, कारण शरीर मागे सरकत नाही आणि सगळा धक्का गळ्याजवळच्या हाडावर येतो.

"जाड गोळी झुडपातून सरळ जाते" असं गावोगाव ऐकू येतं. ते खरं नाही. करवंदीच्या जाळीत फांदीला लागली की जाड गोळीही दिशा बदलते. आणि आपल्या कातळावर तर फारच जपायला हवं. जांभ्याच्या सड्यावर सपाट मारलेली गोळी उसळून कुठे जाईल याचा नेम नाही. .३०-०६ ची गोळी हवेत तीन-चार किलोमीटर जाऊ शकते, आणि कोकणात एवढ्या अंतरात दुसरी वाडी हमखास असते. म्हणून शेतात माळ्यावर बसूनच, खाली मातीत जाईल अशा कोनातून मारायचं. जनावराच्या मागे माती दिसत नसेल तर बार काढायचा नाही. पूर्ण धातूने मढवलेली टणक गोळी डुकरासाठी वापरू नका, ती आरपार जाऊन पुढे निघते. मऊ नाकाचीच हवी.

राहिला गंज. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यांत नळीचा वरचा भाग सगळे पुसतात, पण गंज लागतो तो लाकडाखाली, नळी आणि दस्ता जिथे भेटतात त्या रेषेत. जून सुरू होण्याआधी दस्ता सोडवून नळीचा खालचा भाग तेलाने पुसा, आणि लाकडाच्या आतल्या खोबणीलाही उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. आतलं लाकूड कोरडं राहिलं तर पावसाळ्यात ते फुगतं, नळीला टेकतं, आणि नेम सरकतो. एकजोड दस्त्याच्या रायफलीत कागदाची पट्टी नळीखाली घालून ॲक्शनपर्यंत ओढून बघा. मधे अडकली तर तिथे लाकूड टेकलं आहे. पूर्ण लाकडात बांधलेल्या जुन्या रायफलींना ही चाचणी लागू नाही.

चामड्याच्या खोळीत रायफल ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं लोखंडाला खातात. कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत, नळी खाली करून ठेवा, म्हणजे तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. जुन्या लष्करी पद्धतीच्या टोप्यांची काडतुसं वापरली असतील तर नुसतं तेल पुरत नाही. त्यांतून नळीत क्षार उरतो आणि तो हवेतली ओल ओढतो. आधी उकळतं पाणी नळीतून ओता, कोरडी करा, मग तेल. आणि बार काढण्याआधी नळी आणि चेंबर कोरड्या चिंधीने पुसून घ्या. तेलकट चेंबरमध्ये काडतूस भिंतीला धरून राहत नाही, सगळा दाब बोल्टवर येतो.

निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करावं लागलं तर त्याआधी नळीत जाडसर ग्रीसचा हात द्या, चेंबरमध्येही, आणि पावतीवर बोअर व नंबर परवान्याशी ताडून घ्या. परत आणल्यावर ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय काडतूस भरू नका.