नहलाल, गोल गाव

आज नहलालला जाऊन आलो. इस्रायल, इझ्रेल खोरं. आपल्याकडचे शेतकरी या देशात येतात ते ठिबक बघायला. मला गावाची मांडणी बघायची होती. १९२१ साली वसलेलं हे पहिलं मोशाव, म्हणजे शेतकऱ्यांचं सहकारी गाव. रिचर्ड काउफमन या वास्तुविशारदाने गाव चक्क गोल आखलं. मधोमध सार्वजनिक इमारती, भोवती घरांचं कडं, घरामागे बाहेर रुंदावत जाणारी शेतं.

किबुत्झ या सामूहिक वस्तीसारखं सगळं सामाईक नाही. चूल वेगळी, शेत वेगळं, पण जमिनीची मालकी ज्यू वस्तीसाठी जमिनी घेणाऱ्या ज्यू राष्ट्रीय निधी या संस्थेची. खरेदी-विक्री एकत्र. आणि मजूर लावायचा नाही, स्वतःच राबायचं! आपल्या सोसायटीत हा ठराव मांडला तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडतील. पुढे मोशावांमध्येही हा नियम सैल झालाच म्हणा.

सुरुवातीला दलदल होती, मलेरिया होता. जमीन बैरुतच्या सुरसुक या जमीनदार घराण्याकडून विकत घेतलेली. इथेच वाढलेले, तेव्हाचे संरक्षणमंत्री मोशे दायान १९६९ मध्ये हैफाच्या टेक्निऑन या तंत्रविद्यापीठात उघड बोलले होते, की नहलाल महलुल या अरब गावाच्या जागी उभं राहिलं. कूळकायद्याच्या मुलखातून आलेल्या मला गोल नकाशापेक्षा हेच जास्त डाचलं.