निळा गोळा

27 डिसेंबर, शनिवार. आउग्सबुर्ग, जर्मनी.

तो गोळा अजून टेबलावरच पडलाय. झाडाला टांगायचा तर घरात झाड नाही. टाकून द्यायचा तर काच आहे, हाताने रंगवलेली, आणि देणारीने मनापासून दिलाय हे मला पक्कं ठाऊक आहे. तिथेच सगळी पंचाईत आहे. खवचटपणे दिला असता तर एक दिवस चरफडले असते आणि विसरून गेले असते.

ऑफिसात नाताळच्या आधी चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देतात. कुणी कुणाला काय दिलं हे म्हणे गुपित असतं, पण आमच्या टीममध्ये गुपित दहा मिनिटंही टिकत नाही. मी खोका उघडला तेव्हा ती माझ्या तोंडाकडेच बघत होती. निळी काच, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘माझा पहिला ख्रिसमस’, खाली साल आणि चंद्रकोरीवर झोपलेलं अस्वलाचं पिल्लू. नाताळच्या बाजारात असे गोळे ढिगाने मिळतात. तान्ह्या बाळांसाठी असतात ते. सगळे हसले, मीही हसले, थँक्यू म्हटलं. मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि मला अॅडव्हेंट समजावून सांगितला. चार रविवार, चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. कागदावर चित्रसुद्धा काढून दाखवलं. मी मान डोलावत ऐकत होते. आगमनकाळातल्या रविवारी आय, म्हणजे माझी आई, आम्हाला अर्धवट झोपेत पहाटेच्या मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, ओढत न्यायची, हे वाक्य जिभेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

का राहिलं? जर्मन येत नाही म्हणून नाही. तेवढं येतं. ती इतक्या कौतुकाने सांगत होती की मध्येच ‘अहो, हे मला माहीत आहे’ म्हणणं म्हणजे पंगतीत वाढणाऱ्याचा हात धरण्यासारखं झालं असतं. पण पान तर माझंच होतं ना? माझ्याच सणाला मी पाहुणी, आणि पाहुणीने आभार मानायचे असतात. ते मी मानले. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

त्या रात्री झोप लागेना, मग मनातल्या मनात तिला इतिहास शिकवला. बाई गं, 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली. त्यानंतर आमच्या घराण्यात कोण पहिला ख्रिस्ती झाला, राजीखुशीने झाला की कसा, ते घरात कुणालाच माहीत नाही आणि कुणी काढतही नाही. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये पार नागासाकीला जाऊन क्रूसावर हुतात्मा झाले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आम्ही तिथेच राहिलो, केळी आणि पानवेली लावत. आणि तुझं ते मेणबत्त्यांचं चक्र? ते 1839 चं! हँबुर्गला योहान हिनरिक विखर्न नावाच्या पाद्र्याने गरीब पोरांना नाताळला किती दिवस उरले ते कळावं म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ते सुरू झालं. आमच्या आळीत नाताळ होत होता तेव्हा तुमच्या चक्राचा पत्ता नव्हता.

असं सगळं ठणकावून सांगितलं. उशीला.

मग मोबाइलवर आणखी शोधायला गेले आणि भलतंच निघालं. 1505 मध्ये लिस्बनहून हिंदुस्थानकडे जे आरमार निघालं त्यात याच आउग्सबुर्गच्या फुगर आणि वेल्झर सावकारांनी पैसे घातले होते, मिरीच्या आशेने. म्हणजे ज्या पोर्तुगिजांमुळे आमच्याकडे नाताळ आला त्यांच्या जहाजांत हिच्याच गावचा पैसा. वाद जिंकायला गेले आणि पुरावा विरुद्ध पक्षाच्या हातात देऊन आले. मोबाइल उलटा ठेवून झोपले.

बरं, तिला एकटीला काय बोलायचं? आपल्या मंडळींचं तरी काय वेगळं आहे? गणपतीला, दिवाळीला मी असतेच. चकल्यांचा डबा माझा ठरलेला. तिथे पहिल्याच भेटीत पुण्याच्या एका काकूंनी ‘अगं, तू किती छान मराठी बोलतेस!’ म्हणून माझी पाठ थोपटली होती. आता यावर काय म्हणायचं? ‘काकू, तुम्हीपण’? चोवीस तारखेला ग्रुपवर सगळ्यांचे लाल टोप्या घातलेले फोटो आले, प्रागहून, साल्झबुर्गहून. सगळ्यांनी सगळ्यांना मेरी ख्रिसमस केलं. मला वेगळा मेसेज एकीचाच आला: ‘सुट्टीत एकटीच घरी? बोअर होत असशील ना गं.’

एकटीच. तो येणार होता. त्यावर आज लिहायचं नाही.

इथले लोक मला हिंदू धरून चालतात, आपले लोक अर्धी पोर्तुगीज, आणि पार्सलवाला दारावरचं आडनाव वाचून माझ्याशी स्पॅनिश बोलायला लागतो. मी कुणाचीच नाही, असं चोवीसच्या संध्याकाळी अगदी मनापासून वाटलं. (आज वाचताना जरा नाटकी वाटतंय. पण तेव्हा वाटलं होतं खरं, म्हणून खोडत नाही.)

चोवीसला दुपारी दोनला इथली दुकानं बंद होतात. साडेचारला अंधार. मग रस्त्यावर चिटपाखरू नाही. महिनाभर बाजारात गर्दी, गरम वाइनचे वास, गाणी, आणि प्रत्यक्ष रात्री सगळे आपापल्या घरात, दारं लावून. खिडक्यांत दिवे, पडद्यामागे माणसं. आणि एवढ्या तयारीनंतर त्या रात्री बऱ्याच घरांत जेवायला काय, तर सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड! मला आधी खोटं वाटलं होतं. आमच्याकडे चोवीसला संध्याकाळी घराचं दार लावलेलं मला आठवतच नाही. पोरं आळीच्या गोठ्यावर, येशूजन्माच्या देखाव्यावर, शेवटचा हात फिरवत असतात, कुणाची तरी वायर जळालेली असते, कुणी शिडीवरून चांदणी सरळ कर, डावीकडे, अजून डावीकडे, म्हणून ओरडत असतो. घरात इंदेल, आमचं मांसाचं तिखट कालवण, शिजत असतं, आणि कुणाचा तरी ब्लाउज अजून टेलरकडेच असतो. देवळाच्या मैदानात मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, अबोलीचे गजरे, दव पडून ओल्या झालेल्या सतरंज्या. मिस्सा संपली की जो समोर येईल त्याचा हात हातात घ्यायचा. वर्षभर बांधावरून भांडण असलं तरी.

साडेसातला घरी फोन लावला, तेव्हा तिकडे बारा वाजले होते. चार चेहरे एका पडद्यात मावेनात. आयने आधी हीटर चालू आहे ना ते विचारलं, मग जेवले का, मग तो आला का. धाकट्याला गोळ्याची गोष्ट सांगितली तर तो हसून हसून पलंगावर पडला. म्हणे, गोठ्यावर टांग, चांदणीच्या जागी. फोन ठेवल्यावर मात्र रडले. म्हणजे चांगलीच रडले, मग तोंड धुतलं, दोन स्वेटर घातले आणि मिस्सेला गेले.

रात्री दहाची मिस्सा. देऊळ थंडगार, सगळे कोट घालूनच बाकांवर बसलेले. भाषा अर्धी डोक्यावरून गेली, पण उठायचं कधी आणि गुडघे टेकायचे कधी हे मला शेजारच्या दोन तरुण पोरांपेक्षा नीट माहीत होतं. ती पोरं माझ्याकडे बघून उठत-बसत होती. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ज्याला सांगावं असं वाटलं तो... जाऊ दे.

आता कालचं.

काल इथे नाताळची दुसरी सुट्टी. मी फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, करायला घेतले. पीठ काही केल्या वर येईना. तिकडे ताडी घालून फुगतं तसं इथे यीस्ट घालूनही नाही, घरच थंड. शेवटी पातेलं हीटरवर ठेवून वर शाल गुंडाळली, तेव्हा कुठे दुपारी बुडबुडे आले. तळणीचा वास जिन्यात गेला असणार, कारण बेल वाजली. खालच्या आजी. मी मनात माफीची वाक्यं जुळवत दार उघडलं. त्यांच्या हातात बिस्किटांची बशी होती. व्हॅनिलाच्या चंद्रकोरी आणि दालचिनीच्या चांदण्या, प्रत्येक थराखाली कागदाची घडी.

आत आल्या आणि सरळ खिडकीशी गेल्या. तिथे माझा गोठा. बुटांच्या खोक्याचा. बाळ येशू आयने मोज्यात गुंडाळून बॅगेत घातलेला, त्याच्या नाकाचा रंग प्रवासात उडालाय. आणि एक मेंढी, बाजारात घेतलेली, लाकडात कोरलेली. किंमत बघून एकच घेतली. बाकी सगळे पुढच्या वर्षी. भोवती दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरलेली नाचणी. घरी करवंट्यांत पेरतो, नाताळपर्यंत बोटभर हिरवळ होते आणि गोठ्याचं कुरण तयार. ही नाचणी इंडियन दुकानातली. उगवेल का शंका होती, पण उगवली, पोपटी, केसांसारखी बारीक, उजेडाकडे सगळी एका बाजूला कललेली.

आजींनी वाकून पाहिलं. ‘आईवडील कुठे आहेत?’

‘वसईत,’ मी म्हटलं. ‘मुंबईच्या जवळ.’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खोक्याकडे बोट दाखवलं. मरिया आणि योसेफबद्दल विचारत होत्या त्या! मला आधी कळलंच नाही, आणि कळल्यावर हसू आवरेना. त्याही हसायला लागल्या, भिंतीला हात टेकून. त्यांना वाटलं असेल, बरं घर आहे, बाळ इथे आणि आईबाप मुंबईजवळ.

मग त्यांचं लक्ष डब्यांकडे गेलं आणि म्हणाल्या, अरे, हे तर बार्बाराचे गहू! संत बार्बाराच्या दिवशी, 4 डिसेंबरला, त्यांची आई बशीत गहू पेरायची. नाताळपर्यंत हिरवे झाले की गोठ्यापाशी ठेवायचे. जोमाने वाढले तर येतं वर्ष चांगलं जाणार.

खरं सांगू? पहिल्यांदा राग आला. इतके दिवस कुढत होते की यांना वाटतं माझ्याकडे नाताळच नाही. आणि आता कळतंय की माझ्याकडे जे आहे असं मला वाटत होतं, तेही यांच्याकडे आहेच. करवंटीतली नाचणी तरी माझी एकटीची राहू द्यायची होती! म्हणजे नाही म्हटलं तरी मला लागतं, हो म्हटलं तरी लागतं. माझं समाधान नक्की कशाने होणार आहे, हे त्या फुगर-वेल्झरांनाही सांगता आलं नसतं.

पण आजी तिथे थांबल्या नाहीत. डब्यात बोट घालून बघितलं आणि कपाळाला आठी. पाणी फार झालंय, म्हणाल्या. मुळं कुजतील. अशी पेरतात का? खाली भोकं पाडायची! माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच काट्याने डब्याला भोकं पाडून दिली, आणि माती सिंकमध्ये सांडली म्हणून मलाच ओरडल्या. माझी मावशी थेट अशीच करते. आयच्या गोठ्यात तिला वीस चुका दिसतात. इतक्या आठवड्यांत मला इथे सगळ्यांनी समजावून सांगितलं होतं, सांभाळून घेतलं होतं. चुकतेस म्हणून कुणी झापलं नव्हतं. बरं वाटलं. उगाच नाही म्हणत, खरंच बरं वाटलं.

जाताना फुगे दिले. इंदेल देऊ का विचारलं तर आधी वास घेतला, मग ‘तिखट?’ म्हणून विचारलं, मग एक लहान वाटी. आणि जिन्यात उभं राहून मला सांगितलं की 6 जानेवारीला तीन राजांचा सण असतो, बव्हेरियात सुट्टी असते, त्या सुमाराला पोरं राजांचे मुकुट घालून घरोघर गाणी म्हणत येतात, दारावर खडूने लिहितात, त्यांना पैसे आणि चॉकलेट द्यायचं असतं. त्या त्यांना माझीही बेल वाजवायला सांगणार आहेत.

तीन राजांचा सण आमच्याकडेही असतो हे मला सांगायचं होतं. पण त्या मुकुटाचा आकार हाताने दाखवत होत्या, म्हटलं दाखवू दे. मी विचारलं, कुठलं चॉकलेट? त्यावर आणखी पाच मिनिटं गेली.

सोमवारी ऑफिस. ती विचारणारच, कसा झाला पहिला ख्रिसमस. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. फुगे उरलेत, ते नेईन. एकदा तोंडात टाकले की तीच विचारेल कुणी शिकवले, मग बघू कुठून सुरुवात करायची ते. 1534 पासून नक्की नाही.

साडेसात वाजले. इथे आठला दुकानं बंद होतात आणि उद्या रविवार. घरात दूध नाही, चॉकलेटही नाही. उठायला हवं.