बुद्धिबळाच्या पुस्तकांचं कपाट

बुद्धिबळाची पुस्तकं जमवायला लागलं की बहुतेकांचा हात आधी ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, पुस्तकांकडेच जातो, कारण वाटतं सिसिलियन नावाची ओपनिंग एकदा पाठ केली की समोरचा खलास. पण समोरच्याने ते पुस्तक कुठे वाचलेलं असतं, तो पाचव्याच चालीला काहीतरी भलतंच खेळतो आणि आपलं पाठांतर बसतं तसंच. शिवाय इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे कॉम्प्युटर प्रोग्रॅम, आल्यापासून हा माल पटकन शिळा होतो. म्हणून माझ्याकडे ओपनिंगला सगळ्यात खालचा कप्पा, तोही अर्धा.

डावांचे संग्रह मात्र टिकतात. ग्रँडमास्टर ब्रॉनस्टीनचं झुरिकच्या 1953 सालच्या स्पर्धेवरचं पुस्तक बघा, 15 खेळाडू, 210 डाव, आणि गडी सगळा रमलाय मधल्या खेळात, कुणी काय ठरवून हत्ती कुठे नेला वगैरे. जगज्जेता झालेल्या फिशरने तर आपल्या निवडक 60 डावांच्या पुस्तकात हरलेले 3 पण घातलेत, एवढा अहंकारी माणूस पण हे केलं त्याने!

जुन्या इंग्रजी प्रतींत एक गंमत असते, नोटेशन (चाली लिहायची पद्धत) पी-के4 टाइपचं, पी म्हणजे प्यादं आणि के4 म्हणजे राजाच्या उभ्या रांगेतलं चौथं घर, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या बाजूने घरं मोजणार, पांढऱ्याचं के4 ते काळ्याचं के5. सुरुवातीला डोकं उठतं, पण भराभर वाचताच येत नाही त्यामुळे पट मांडावाच लागतो, आणि खरं शिकणं तिथेच होतं असं माझं मत. याच्या उलट बेलग्रेडचा इन्फॉर्मेटर, 1966 पासूनचा डावांचा संग्रह, त्यात डावांवर शेरे सगळे चिन्हांत, वर अधिक आणि खाली बरोबरचं चिन्ह म्हणजे पांढरा किंचित वरचढ, मग तुम्ही सांगलीचे असा नाहीतर सर्बियाचे.

आणि सेकंडहँड घ्यावीत बरं का. माझ्या एका प्रतीत आधीच्या मालकाने पेन्सिलीने मार्जिनमध्ये लिहिलंय, 'इथे घोडा का नाही मारला??' दोन प्रश्नचिन्हं, पेन्सिल दाबून. इंजिनला विचारलं तर मारायलाच हवा होता म्हणे, पुस्तकाच्या लेखकाने त्यावर चकार शब्द काढलेला नाही. असल्या गिरगटलेल्या प्रती दुकानदार स्वस्तात देतो आणि कोऱ्यांचे जास्त घेतो. हिशोब उलटा असायला हवा, पण हे मी त्याला कशाला सांगू.