सांगली ते मालवण: दोन दिवस आणि सिंधुदुर्ग दोनदा

आमच्या वर्गातल्या तेवीस जणांपैकी अकरा जणांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी म्हटलं की आम्हा सांगलीकरांना कृष्णेवरचा आयर्विन पूल आठवतो, २०१९ च्या महापुरात ५७ फुटांवर गेलेली कृष्णा आठवते. म्हणून सहल ठरवताना बाकी काहीही वगळलं तरी चालेल, पण समुद्र आणि सिंधुदुर्ग किल्ला हवाच, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

गाडीसाठी एसटीचा प्रासंगिक करार केला, म्हणजे अख्खी बस सहलीपुरती भाड्यानं घेतली. महाविद्यालयाच्या सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, पण त्यासाठी कॉलेजचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि सोबत येणाऱ्या शिक्षकांची नावं लागतात. ही कागदपत्रं निदान पंधरा दिवस आधी आगारात नेऊन द्या, कारण डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळांच्या सहली निघतात आणि गाड्या कमी पडतात.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी, पौष पौर्णिमेला, पहाटे साडेतीनला सांगली सोडली. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण असा साधारण दोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. गगनबावड्यावरून करूळ घाटानंही उतरता येतं. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि घाट उतरेपर्यंत कुणाला पोटभर खाऊ देऊ नका. राधानगरीला चहा घेऊन तिघांनी वडापाव खाल्ले आणि घाटात दोनदा गाडी थांबवावी लागली.

घाटमाथ्यावर सरांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही. इथून पूर्वेला पडलेला थेंब भोगावतीतून पंचगंगेत जातो, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतो आणि अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. दोन पावलं पश्चिमेला पडला तर तो इथेच खाली अरबी समुद्रात जातो.

साडेदहाला मालवणच्या जेटीवर पोहोचलो, आणि तिथे आमचं गणित चुकलं. शनिवारची गर्दी, लांबलचक रांग. होडीत बसेपर्यंत बारा वाजले. होडीवाले किल्ल्यावर साधारण तासभर देतात आणि त्याच होडीनं परत यायचं असतं. अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला, जवळपास तीन किलोमीटरची तटबंदी, भर दुपारचं ऊन आणि हातात एक तास. मंदिरासमोर चपला काढल्या तर फरशीवर पाय टेकवत नव्हता. निम्मे जण सावली शोधत बसले, निम्मे फोटो काढत धावले. परतीच्या होडीत सगळे गप्प होते. मला तर फार वाईट वाटलं, कारण नियोजन माझ्याकडे होतं.

संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहिला. सुरमई, बांगडे, कोळंबीचे ढीग आणि भराभर बोली लावणाऱ्या बायका. हा लिलाव चुकवू नका, पण मधे उभं राहून वाट अडवू नका, त्यांची ती कामाची वेळ असते. मुक्काम तारकर्लीच्या वाटेवर एका घरात होता. शाकाहारी किती ते आदल्या दिवशीच कळवा. आम्ही आयत्या वेळी सात जण सांगितले, तरी काकूंनी काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावणे केले. "पोरांनू, सोलकढी घेवा अजून," म्हणत त्या वाढत राहिल्या. आम्ही नेलेलं सांगलीचं भडंग त्यांना फार आवडलं. कुणाकडे राहायला जाताना असं काहीतरी घरचं घेऊन जाच.

त्या रात्री चांदण्यात किनाऱ्यावर बसून आम्ही ठरवलं की रविवारचं स्कूबा रद्द करायचं आणि किल्ल्यावर पुन्हा जायचं. चौघांना ते पटलं नाही. आगाऊ भरलेले पैसेही बुडाले, म्हणून सांगते, स्कूबाचे पैसे आधी देऊ नका, किनाऱ्यावर जाऊन समुद्र बघून मगच ठरवा. पण आमचा निर्णय बरोबर होता, हे मी आजही ठामपणे म्हणेन.

रविवारी एका होडीवाल्या काकांशी आदल्या रात्रीच बोलून अख्खी होडी ठरवली होती, तीन तासांसाठी. माणशी थोडे जास्त पडले. सकाळी पावणेआठला निघालो आणि पाणी पाहून सगळे उठून उभेच राहिले. किल्ल्याभोवती जिकडेतिकडे काळे खडक वर आले होते. आदल्या दुपारी हीच होडी सरळ न जाता उगाच डावी-उजवीकडे वळतेय असं आम्हाला वाटलं होतं. तेव्हा भरती होती आणि हे सगळे खडक पाण्याखाली होते. काका म्हणाले, "काल पण हयच होते. दिसनत नाय, पण आसत." शत्रूच्या जहाजाला इथपर्यंत येणं का जमत नसे, ते त्या एका वळणात कळलं.

भरतीची वेळ काढायची सोपी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वा अकराच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासानं पुढे सरकते. हा अंदाज आहे, शेवटचा शब्द होडीवाल्याचाच. घरातलं कालनिर्णय बघून सहलीची तारीख ठरवता येईल. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच.

सकाळच्या गारव्यात किल्ला निराळाच भासला. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तट दोन्ही बाजूंनी वळून त्याला झाकतो. आत घुमट्यांखाली चुन्यातले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला या कुरटे बेटावर किल्ल्याच्या कामाला सुरुवात झाली, पायाच्या दगडांत शिसं ओतलं गेलं. शिवराजेश्वर मंदिरात आम्ही बराच वेळ शांत बसलो. मग तटावरून चालत निघालो. तटातच बांधलेले शौचकूप मॅडमनी दाखवले, आणि एवढ्या जुन्या काळात शिबंदीच्या, म्हणजे किल्ल्यावरच्या सैनिकांच्या, स्वच्छतेचा असा विचार झालेला बघून आमच्यातल्या मुली खूप वेळ त्यावरच बोलत होत्या. तटावर चढताना पायऱ्यांना कठडा नाही, सांभाळून.

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी जास्तीत जास्त वेळ द्या. चहूबाजूंनी खारट समुद्र आणि मधे गोडं पाणी. बेटावर मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते वर राहतं, असं सरांनी समजावलं. किल्ल्यावर राहणाऱ्या एका ताईंनी पोहरा वर ओढला आणि आमच्या ओंजळीत पाणी घातलं. गार, गोड. ज्या मित्राच्या घरात २०१९ ला माळ्यापर्यंत पाणी होतं, तो ओंजळ ओठाला लावून कितीतरी वेळ तसाच उभा होता.

मे अखेरपासून पावसाळाभर होड्या बंद असतात, तेव्हा हा बेत करू नका. लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात न अडकवता पट्टे आवळा. टोपी, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे हवेतच. खाजं आणि कोकम बाजारातून दुपारी बाराच्या आत घ्या, म्हणजे जेवून दोनला निघून उजेडात घाट चढता येतो. आम्ही अडीचला निघालो आणि रात्री नऊला सांगलीत पोहोचलो. पुलावरून गाडी जाताना त्या मित्रानं बाटली खिडकीशी धरली. अर्धी बाटली दूधबावीचं पाणी होतं, आजीसाठी आणलेलं.